थायलंडचे पर्यटन आणि ईसानचा अलिखित विमा

कोरोनाच्या साथीनंतर एखाद्या देशाचे पर्यटन सावरले की नाही, हे ठरवण्याची जी रीत जगभर रूढ झाली आहे, ती मोठी सोयीची आहे : साथीच्या आधीच्या वर्षी, म्हणजे २०१९ साली, किती परदेशी पाहुणे आले होते आणि आज किती येतात, एवढे पाहायचे आणि दुसरा आकडा पहिल्याच्या जवळ पोहोचला की गाडी रुळावर आली असे जाहीर करायचे. या रीतीने पाहिले तर थायलंडने कौतुकास्पद उभारी घेतली असे म्हणावे लागते. २०१९ मध्ये त्या देशात जवळजवळ ४ कोटी परदेशी पर्यटक आले होते; २०२० मध्ये ते ६७ लाखांवर आले आणि त्यांतलेही बहुतेक पहिल्या तीन महिन्यांतले होते; २०२१ मध्ये वर्षभरात मिळून अवघे सव्वाचार लाख आले; मग २०२२ मध्ये १ कोटी ११ लाख, २०२३ मध्ये २ कोटी ८१ लाख आणि २०२४ मध्ये ३ कोटी ५५ लाख असा हा आकडा चढत गेला. आलेखावर ही एक खोल दरी दिसते आणि तिच्या पलीकडचा काठ अलीकडच्या काठाहून थोडासाच बुटका दिसतो. मात्र त्या दरीत जी दोन-अडीच वर्षे गेली, त्या काळात या धंद्यावर पोट असणाऱ्यांनी कशावर दिवस काढले आणि तो खर्च नेमका कोणाच्या खात्यातून गेला, हे आलेख सांगत नाही. थायलंडपुरते याचे उत्तर असे, की तो खर्च बव्हंशी देशाच्या ईशान्येकडील खेड्यांनी, तिथल्या म्हाताऱ्या माणसांनी आणि कर्ज काढणाऱ्या घरांनी उचलला; आणि जोवर हा खर्च उद्योगाच्या हिशेबात धरला जात नाही, तोवर पर्यटन ‘सावरले’ हे विधान अर्धेच खरे राहते.

या उद्योगाची घडण समजून घेतल्याशिवाय हे म्हणणे नीट उलगडणार नाही. थायलंडमध्ये सरकारी पर्यटन संघटना १९६० साली स्थापन झाली. व्हिएतनाम युद्धाच्या काळात अमेरिकी सैनिकांना विश्रांतीसाठी थायलंडमध्ये पाठवण्याचा करार १९६७ मध्ये झाला आणि पट्टायासारख्या कोळ्यांच्या वस्तीचे रूप पालटले. १९९७ च्या जुलैमध्ये थाई चलनाची, म्हणजे बाटची, डॉलरशी घातलेली गाठ सुटली. एका डॉलरला २५ बाट पडत होते, ते काही महिन्यांत ५० च्याही पलीकडे गेले, कारखाने आणि वित्तसंस्था धडाधड बंद पडल्या, आणि याच पडझडीत देश परदेशी पाहुण्याला एकाएकी निम्म्या किमतीत मिळू लागला. ‘अमेझिंग थायलंड’ ही आजही चालू असलेली जाहिरात-मोहीम नेमकी त्याच वेळी सुरू झाली. पुढे २००३ ची सार्सची साथ, डिसेंबर २००४ ची त्सुनामी, २००८ मध्ये निदर्शकांनी ताब्यात घेतलेला सुवर्णभूमी विमानतळ, २०११ चा महापूर, २०१४ चे लष्करी बंड असे तडाखे एकामागून एक बसले आणि दर वेळी वर्ष-दीड वर्षात पाहुण्यांचा आकडा पूर्वीपेक्षा वर गेला. त्यामुळे धोरणकर्त्यांच्या मनात एक समज पक्का बसला, की हा धंदा आपला आपण बरा होतो. २०१९ पर्यंत एकट्या परदेशी पर्यटकांचा खर्च देशाच्या स्थूल उत्पन्नाच्या सुमारे ११ टक्के झाला होता आणि चाळीस लाखांहून अधिक माणसे थेट या क्षेत्रात कामाला होती.

आधीच्या संकटांत आणि २०२० च्या संकटात एक मूलभूत फरक होता. पूर किंवा बंड हे एका ठिकाणचे, एका देशाचे संकट असते. फुकेतला लाट आली तर पाहुणा सामुईला जातो, बँकॉकमध्ये रणगाडे आले तर तो थेट क्राबीला उतरतो. साथीने मात्र पाहुण्याचे घराबाहेर पडणेच थांबवले. शिवाय पर्यटन ज्या वस्तू विकते त्या साठवता येत नाहीत. अर्थशास्त्रात याला नाशवंतता म्हणतात : कारखान्यातला न खपलेला माल गोदामात पडून राहतो आणि पुढे विकता येतो, पण हॉटेलमधल्या खोलीची रिकामी गेलेली रात्र, विमानातले रिकामे आसन किंवा मालिश करणाऱ्या बाईचा ग्राहकाविना गेलेला तास पुन्हा कधीच विकता येत नाही. म्हणून पर्यटनात ‘नुकसान भरून निघाले’ असे शब्दशः कधीच होत नाही. नवे उत्पन्न सुरू होते, जुने बुडीतच राहते. हे बुडीत उत्पन्न सोसण्याची ताकद कोणापाशी किती, यावर संकटाचा खरा अर्थ ठरतो.

मोठ्या कंपन्यांपाशी ती ताकद निदान कायद्याच्या रूपाने होती. थाई एअरवेज ही राष्ट्रीय विमान कंपनी मे २०२० मध्ये दिवाळखोरी न्यायालयाच्या आश्रयाला गेली, जून २०२१ मध्ये तिची पुनर्रचना-योजना मंजूर झाली आणि २०२५ च्या मध्याला ती त्या प्रक्रियेतून बाहेरही पडली. मधल्या काळात या कंपनीने पाथोंगको, म्हणजे सकाळी दुकानांवर मिळणारी तळलेल्या पिठाची जोडकांडी, विकून महिन्याला सुमारे एक कोटी बाट मिळवले, ही बातमी तेव्हा जगभर चवीने वाचली गेली. विमाने जमिनीवर आणि कढया चुलीवर, हे दृश्य गमतीचे खरेच. पण धनकोंना वर्षानुवर्षे थांबवून ठेवण्याची मुभा त्या कंपनीला कायद्याने मिळाली होती, आणि पट्टायाच्या किनाऱ्यावर छत्र्या व खुर्च्या भाड्याने देणाऱ्याला किंवा हॉटेलात रोजंदारीवर चादरी बदलणाऱ्या बाईला तशी मुभा देणारे कोणतेही न्यायालय नव्हते, हे त्या बातमीत कुठे आले नाही.

त्यांनी घरची वाट धरली. २२ मार्च २०२० रोजी बँकॉकमधील दुकाने आणि मॉल बंद करण्याचा आदेश अमलात आला तेव्हा मो चित या शहराच्या मोठ्या बसस्थानकावर गर्दी उसळली; उत्तरेकडे आणि ईशान्येकडे जाणाऱ्या गाड्या भरभरून गेल्या. थायलंडच्या ईशान्य भागाला ईसान म्हणतात. देशाच्या लोकसंख्येपैकी सुमारे एक तृतीयांश माणसे या पठारी, पावसावर अवलंबून असलेल्या, बहुतांशी एकच भातपीक घेणाऱ्या मुलखात राहतात. घरात खायला चिकट भात आणि बाजारात विकायला सुवासिक जास्मिन भात, अशी इथल्या शेतकऱ्याची वाटणी असते. तरुण वयात बँकॉक, पट्टाया किंवा फुकेतला जाऊन टॅक्सी चालवणे, स्वयंपाकघरात राबणे, बारमध्ये काम करणे आणि महिन्याच्या महिन्याला घरी पैसे पाठवणे हा इथल्या असंख्य घरांचा पिढ्यांपासूनचा क्रम आहे. कोकणातल्या मनिऑर्डरवर चालणाऱ्या घरांची आठवण असलेल्या मराठी वाचकाला ही रचना वेगळी समजावून सांगण्याची गरज नाही.

मात्र या रचनेचा एक पैलू सहसा दृष्टीआड राहतो. शहरात काम करणाऱ्या आईबापांची मुले गावात आजी-आजोबांपाशी वाढतात. थायलंडमध्ये दर पाच मुलांमागे किमान एक मूल आईवडिलांपासून दूर राहते, आणि मधली पिढी नसलेले घर हे तिथल्या समाजशास्त्राचे एक स्वतंत्र अभ्यासक्षेत्रच झाले आहे. याचा आर्थिक अर्थ असा, की पर्यटनातल्या कामकऱ्याच्या पगारात त्याच्या मुलाला सांभाळण्याचा, त्याच्या आजारपणाचा, त्याच्या म्हातारपणाचा आणि बेकारीच्या काळात त्याला पोसण्याचा पूर्ण खर्च धरावा लागत नाही, कारण तो भार गावाने परस्पर उचललेला असतो. पाहुण्याला जी खोली, जे जेवण, जे मालिश स्वस्त वाटते, त्याच्या स्वस्ताईत या न मांडलेल्या खर्चाचा मोठा वाटा आहे. ज्याचा हप्ता उद्योग भरत नाही आणि ज्याचा कागद कुठे नाही असा हा विमा आहे, आणि संकट आले की दावा मात्र हटकून त्याच्यावरच होतो.

हा विमा १९९७ मध्येही वठवला गेला होता. तेव्हा कारखान्यांतून आणि बांधकामांवरून काढलेली माणसे गावी परतली आणि शेताने त्यांना सामावून घेतले. त्याच वर्षीच्या डिसेंबरमध्ये राजे भूमिबोल यांनी वाढदिवसाच्या पूर्वसंध्येच्या भाषणात पुरेशा अर्थव्यवस्थेची, म्हणजे घराने आणि गावाने आधी आपल्या गरजेपुरते स्वतः पिकवावे आणि उरलेले बाजारात न्यावे या विचाराची, मांडणी केली. पुढे हा विचार सरकारी धोरणात जवळजवळ सूत्रासारखा मिरवला गेला. त्यात गावाच्या लवचिकतेचे जे कौतुक होते ते खोटे नव्हते; पण त्या कौतुकामुळे शहरातल्या मालकाची आणि सरकारची जबाबदारी आपोआप हलकी झाली, ही गोष्टही तितकीच खरी आहे. गाव सांभाळून घेते असे एकदा ठरले की बेकारी भत्त्याची निकड कोणालाच भासत नाही.

२०२० मध्ये परतलेल्यांना जे गाव मिळाले ते १९९७ चे गाव नव्हते. १९९७ मध्ये देशातली जवळजवळ निम्मी कामकरी माणसे शेतीत होती. २०१९ पर्यंत हे प्रमाण तिसऱ्या हिश्श्याच्याही खाली आले होते आणि शेतीचा राष्ट्रीय उत्पन्नातला वाटा तर आठ-नऊ टक्क्यांवरच होता. मधल्या काळात गावे म्हातारी झाली. साठीच्या पुढची माणसे आता देशाच्या लोकसंख्येत पाचास एक आहेत आणि तरुण बाहेर गेल्यामुळे ईसानच्या गावांत त्यांचे प्रमाण डोळ्यांत भरते. त्याहून गंभीर गोष्ट कर्जाची. ट्रॅक्टर, दुचाकी, मोबाइल, मुलांचे शिक्षण यांसाठी काढलेल्या कर्जांमुळे थायलंडमधील कौटुंबिक कर्ज २०१९ च्या अखेरीस राष्ट्रीय उत्पन्नाच्या ८० टक्क्यांच्या आसपास होते. २०२१ मध्ये ते ९० टक्क्यांच्या वर गेले. यातली काही वाढ उत्पन्न आकसल्यामुळे गुणोत्तरात दिसते हे मान्य केले, तरी ज्या घरांकडे पैसे येत होते त्या घरांनी आता पैसे पाठवणाऱ्यालाच पोसायचे आणि आधीचे हप्तेही फेडायचे, ही ओढाताण गुणोत्तराच्या पलीकडची आहे. २०१९-२० चा हंगाम दुष्काळाचा होता, हेही इथे विसरता येत नाही. गावाने या वेळीही माणसे सामावून घेतली. पण पूर्वी धान्याच्या कणगीतून जे भागत होते ते या वेळी सावकाराच्या वहीतून भागले.

सरकारने काहीच केले नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल. एप्रिल २०२० पासून असंघटित कामकऱ्यांना तीन महिने दरमहा ५,००० बाट देण्याची योजना आली. तिच्यासाठी अडीच कोटींहून अधिक लोकांनी अर्ज केले आणि दीड कोटीहून अधिक लोकांना पैसे मिळाले. अर्जदारांचा हा आकडाच सांगतो, की देशाच्या दप्तरात ज्यांची कसलीही नोंद नव्हती अशी किती माणसे उद्योगाच्या तळाशी होती. थायलंडच्या सामाजिक सुरक्षा कायद्यात तीन वेगवेगळी कलमे आहेत : ३३ व्या कलमाखाली पगारी नोकर येतात आणि त्यांना बेकारी भत्ता मिळतो, ३९ व्या कलमाखाली नोकरी सुटल्यावरही वर्गणी भरत राहणारे येतात, आणि ४० व्या कलमाखाली फेरीवाले, वाटाडे, नावाडी असे स्वतःच्या हिमतीवर जगणारे ऐच्छिक वर्गणीदार येतात, ज्यांना आजारपण, अपंगत्व, मृत्यू आणि म्हातारपण यांसाठी काही मिळते, बेकारीसाठी मात्र काहीही मिळत नाही. २०२१ मध्ये मदत मिळण्यासाठी ४० व्या कलमाखाली नाव असणे आवश्यक ठरल्यावर लाखो लोकांनी नावे नोंदवली. नोंद झाली हा लाभच म्हणायचा, पण कलम होते तसेच राहिले. दरम्यान शहरांतल्या गल्ल्यांत, दुकानांच्या कडेला लोकांनी लाकडी कपाटे उभी केली, ज्यांत कोणीही तांदूळ, नूडल्स, अंडी, पाण्याच्या बाटल्या ठेवाव्यात आणि गरजूने न विचारता न्याव्यात. आनंद वाटून घेण्याचे कपाट अशा अर्थाचे त्यांचे थाई नाव होते. माणसांच्या चांगुलपणाची ही खूण म्हणून तिचे मोल मोठे आहे. धोरणाच्या बाजूने मात्र ती राज्याच्या गैरहजेरीची खूण ठरते.

या काळात हत्तींचे जे झाले ते या साऱ्या व्यवस्थेचे जवळून पाहता येणारे रूप आहे. थायलंडमध्ये १९८८ च्या महापुरांनंतर, १९८९ च्या आरंभी, जंगलतोडीवर बंदी आली; तोवर ओंडके ओढणारे हत्ती आणि त्यांचे माहूत बेकार झाले आणि हळूहळू पर्यटनात शिरले. साथीच्या वेळी अडीच-तीन हजार हत्ती या धंद्यात होते. एका हत्तीला दिवसाला दीडशे-दोनशे किलो चारा लागतो, तिकीट विकले जात नसले तरी लागतो, आणि ऊस, केळी, गवत यांचा खर्च बहुतेक छावण्यांना महिनाभरही झेपेना. एप्रिल २०२० मध्ये चियांग मायच्या परिसरातून शंभरहून अधिक हत्ती आपल्या करेन जमातीच्या मालकांबरोबर मे चेमच्या डोंगरांकडे पायी निघाले. काहींना दीडशे किलोमीटर चालावे लागले. पट्टाया आणि फुकेतकडचे अनेक हत्ती ईसानमधल्या सुरिन प्रांतात, कुई लोकांच्या ता क्लांग गावाकडे परत आणले गेले. म्हणजे माणसांप्रमाणेच हत्तींच्याही बेकारीचा भार अखेर त्याच पठारावर पडला. तिथे त्यांना मोकळीक मिळाली असे म्हणावे, तर चरायला जंगल उरलेले नव्हते आणि शेते शेजाऱ्यांची होती. तिकडे लोपबुरीत मार्च २०२० मध्ये पर्यटकांच्या केळ्यांवर वाढलेली माकडे एका खाण्याच्या तुकड्यासाठी शेकड्यांनी एकमेकांवर तुटून पडली, ती चित्रफीत जगाने पाहिली आणि हसून सोडून दिली.

अशा पार्श्वभूमीवर दारे उघडण्याचा जो पहिला गंभीर प्रयोग झाला, तो ‘फुकेत सँडबॉक्स’ या नावाने ओळखला गेला. सँडबॉक्स म्हणजे मर्यादित, कुंपण घातलेल्या जागेत नियम सैल करून पाहणे. १ जुलै २०२१ पासून लसीच्या दोन्ही मात्रा घेतलेल्या परदेशी पाहुण्याने थेट फुकेतला उतरावे, विलगीकरणाविना बेटावर हिंडावे, ठरावीक अंतराने चाचण्या करून घ्याव्यात आणि चौदा रात्री काढल्यानंतर देशात कुठेही जावे, अशी ही योजना होती. तंत्र म्हणून ती हुशारीची होती. बेट मुख्य भूमीला सारासिन पुलाने जोडलेले असल्यामुळे रस्त्याचा नाका एकच, विमानतळ स्वतःचा, आणि उघडण्याआधी बेटावरच्या सत्तर टक्के रहिवाशांना लस देण्याचा निर्धार. पहिल्या तीन महिन्यांत चाळीस हजारांच्या आत पाहुणे आले, म्हणजे एरवीच्या गर्दीच्या मानाने चिमूटभर. पण परदेशी पाहुण्याला घेऊनही साथ आटोक्यात ठेवता येते हे त्यातून दिसले, आणि नोव्हेंबर २०२१ मध्ये ६३ देशांसाठी जी चाचणी-आणि-प्रवेश पद्धत सुरू झाली, ओमायक्रॉनमुळे डिसेंबरात थांबली आणि फेब्रुवारी २०२२ मध्ये पुन्हा चालू झाली, तिचा पाया इथेच घातला गेला.

पण याच प्रयोगाची दुसरी बाजूही नोंदवायला हवी, आणि ती यशाच्या वर्णनांत फारशी येत नाही. फुकेत उघडले त्या दिवशी देशात दहा टक्क्यांच्या आसपास लोकांनाच लसीची पहिली मात्रा मिळाली होती. लशींचा तुटवडा असताना बेटाला झुकते माप दिले गेले, कारण तिथे डॉलर उतरणार होते. त्यानंतर अकराच दिवसांनी डेल्टाच्या लाटेमुळे बँकॉक आणि आसपासच्या प्रांतांत रात्री नऊ ते पहाटे चार अशी संचारबंदी लागली. राजधानीत रुग्णांना खाटा मिळेनात. ऑगस्टच्या आरंभी तर देशातल्या इतर प्रांतांतून फुकेतमध्ये येणाऱ्यांना दोन आठवडे जवळजवळ मज्जाव होता. म्हणजे अबुधाबीहून आलेला प्रवासी बेटावर मोकळा होता आणि ईसानमधल्या खोन केनहून कामावर परतू पाहणारी बाई पुलाच्या अलीकडे अडत होती. साथरोगशास्त्राच्या दृष्टीने यात तर्कदुष्टता नव्हती, कारण एकाची तपासणी झालेली होती आणि दुसरीची नव्हती. तरीही कोणाची आधी तपासणी करायची आणि कोणाला आधी लस टोचायची, हा निर्णय साथरोगशास्त्राने घेतला नव्हता. तो ताळेबंदाने घेतला होता.

१ जुलै २०२२ पासून आगाऊ नोंदणीची अट उठली आणि पाहुणे वेगाने येऊ लागले, तेव्हा हॉटेलांपुढे एक अनपेक्षित अडचण उभी राहिली : खोल्या होत्या, पाहुणे होते, माणसे नव्हती. गावी गेलेल्यांपैकी बरेच जण परतलेच नाहीत. कोणी घरापाशी छोटे दुकान टाकले, कोणी सामान पोहोचवण्याच्या कामाला लागले, कोणी दोन वर्षांच्या अनुभवाने शहाणे होऊन पुन्हा त्याच धंद्याच्या भरवशावर राहायचे नाही असे ठरवले. उद्योगाने याला ‘मनुष्यबळाची टंचाई’ म्हटले. ज्या पगारात संकटकाळाची कसलीही तजवीज नाही, त्या पगाराला माणसांनी दिलेला तो नकार होता, असेही म्हणता आले असते. म्यानमारमधून आलेल्या मजुरांची गत तर याहून बिकट झाली. १ फेब्रुवारी २०२१ च्या लष्करी बंडानंतर त्यांना परतायला सुरक्षित गावच उरले नाही, आणि ज्याच्या मागे गाव नाही असा कामकरी किती स्वस्तात राबवता येतो याची प्रचिती आली.

पाहुणे परतले ते कोणते, हाही मुद्दा महत्त्वाचा आहे. २०१९ मध्ये चार पर्यटकांमागे एकाहून अधिक, म्हणजे सुमारे १ कोटी १० लाख, पर्यटक चीनमधले होते. त्यांतल्या अनेकांना आणणाऱ्या सहली ‘शून्य-डॉलर सहली’ म्हणून कुप्रसिद्ध होत्या. पर्यटकाकडून मूळ खर्चाहूनही कमी पैसे घ्यायचे, स्थानिक आयोजकाने त्या गटाला रत्ने, चामडे, लेटेक्सच्या उशा विकणाऱ्या ठरलेल्या दुकानांत फिरवायचे आणि तिथल्या दलालीतून तूट भरून काढायची, असा हा व्यवहार. पैसा ज्या देशातून आला त्याच देशातल्या मालकांच्या खिशात वळसा घालून परत जातो, याला पर्यटन-अर्थशास्त्रात गळती म्हणतात. २०१६ मध्ये सरकारने या सहलींवर धाडी घातल्या, पण प्रकार पुरता थांबला नाही. बँकॉक-पट्टायाच्या मराठी सहलीत जेम्स गॅलरीचा थांबा कार्यक्रमपत्रिकेत का असतो, हे ज्यांना कधी कोडे वाटले असेल त्यांना या हिशेबात उत्तराचा काही भाग सापडेल.

साथीनंतर चिनी पाहुण्याची वाट पाहणे हेच जणू धोरण झाले. सप्टेंबर २०२३ पासून चिन्यांना आणि नोव्हेंबर २०२३ पासून भारतीयांना व्हिसाची अट माफ झाली. जुलै २०२४ मध्ये ९३ देशांच्या नागरिकांना साठ दिवसांची मुभा मिळाली. जून २०२२ मध्ये गांजावरील बंदी उठवली गेली ती पर्यटनाला हातभार लागेल या आशेनेही, आणि तीन वर्षांनी, जून २०२५ मध्ये, तो पुन्हा डॉक्टरच्या चिठ्ठीवर आणला गेला. भारतीय खरोखरच आले : २०२४ मध्ये २१ लाखांवर, २०२५ मध्ये पंचवीस लाखांच्या जवळ. मुंबईबरोबर पुण्याहूनही बँकॉकला थेट विमाने जाऊ लागली, हुआ हिन आणि फुकेतला लग्ने लागू लागली. चिनी मात्र २०२४ मध्ये ६७ लाखांवरच थांबले आणि जानेवारी २०२५ मध्ये वांग शिंग हा चिनी अभिनेता थायलंडच्या सीमेवरून म्यानमारमधल्या फसवणूक-अड्ड्यात नेला गेल्यानंतर तो आकडा आणखी कोसळला. मार्चमधला भूकंप आणि कंबोडियाशी झालेला सीमासंघर्ष यांची त्यात भर पडली. २०२५ अखेर एकूण पर्यटक ३ कोटी ३० लाखांच्या आसपास, म्हणजे आदल्या वर्षाहून सुमारे सात टक्क्यांनी कमी भरले. एका अपहरणाने आणि समाजमाध्यमांवरच्या भीतीने ज्या उद्योगाचा तोल जातो, तो २०१९ ला परत पोहोचण्याची धडपड करत होता म्हणजे आपल्या दुखण्याकडेच परत जात होता, असे म्हणायला यामुळे आधार मिळतो.

इथे एक आक्षेप येतो आणि तो वजनदार आहे. मध्यम उत्पन्नाच्या देशाने कमी पण श्रीमंत पाहुणे घ्यावेत, हा सल्ला भूतानसारख्या चिमुकल्या राज्याला परवडतो. सप्टेंबर २०२२ मध्ये दारे उघडताना त्याने माणशी रोज २०० डॉलर शुल्क लावले, आणि वर्षभरातच त्यालाही ते निम्म्यावर आणावे लागले. सात कोटींच्या देशात, जिथे लाखो घरे रोजच्या गल्ल्यावर चालतात, गर्दी कमी करणे म्हणजे पहिला घाव रस्त्यावर आंबे कापून विकणाऱ्यावर घालणे. हे मान्यच करावे लागते. पण ईसानच्या विम्याचा प्रश्न पाहुणे किती असावेत या प्रश्नाहून निराळा आहे. ज्या वर्षी चार कोटी पाहुणे येतात, त्या वर्षीच्या उत्पन्नातून पाहुणे न येणाऱ्या वर्षाची पुंजी बाजूला काढायची की नाही, असा तो प्रश्न आहे. आणि भरभराटीच्या वर्षांत तो कोणी विचारत नाही, एवढीच त्यातली अडचण.

मर्यादा पाळता येतात याचे उदाहरण खुद्द थायलंडमध्ये आहे, आणि विशेष म्हणजे त्याचे श्रेय साथीला नाही. फी फी बेटांपैकी एकावरची माया बे ही लहानशी खाडी २००० सालच्या ‘द बीच’ या चित्रपटामुळे इतकी प्रसिद्ध झाली की तिथे दिवसाला पाच-पाच हजार माणसे उतरू लागली. नांगरांनी आणि पायांनी प्रवाळ तुटले. जून २०१८ मध्ये, बुकिंग भरभरून होत असताना, राष्ट्रीय उद्यान विभागाने ती बंद केली, आणि आधी चार महिन्यांसाठी म्हणून केलेली बंदी पुढे वाढतच गेली. प्रवाळाचे तुकडे लावले गेले, काळ्या पंखटोकाचे शार्क उथळ पाण्यात परतले. १ जानेवारी २०२२ रोजी खाडी पुन्हा उघडली ती बदललेल्या नियमांनी : नावा खाडीत न येता मागच्या बाजूला लो सामा उपसागरात लागतात, तिथून फळ्यांच्या वाटेने चालत यायचे, एका वेळी ठरावीक माणसे, सुरुवातीला ३७५, तीही तासाभरापुरती, पोहायला मनाई, आणि दर वर्षी ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये खाडी संपूर्ण बंद. साथीच्या काळात निसर्ग सावरला, फांग न्गाच्या किनाऱ्यावर चामडपाठी कासवांची घरटी वीस वर्षांत नव्हती इतकी दिसली, त्रांगच्या समुद्रात ड्युगाँगचे कळप आढळले, अशा बातम्यांनी पुष्कळांना दिलासा वाटला होता. पण टाळेबंदीने दिलेले ते पाहुणे परतताच जाण्यासारखे होते. माया बेमधले टिकले, कारण उघडल्यावर तिथे काय चालणार नाही, हे आधी बसून ठरवले गेले होते.

कामकऱ्यांच्या बाबतीत असे बसून ठरवण्याची एक संधी सरकारपुढे आयती आली होती. परदेशी प्रवाशाकडून माणशी शुल्क घेण्याचा प्रस्ताव साथीच्या काळातच पुढे आला; फेब्रुवारी २०२३ मध्ये मंत्रिमंडळाने विमानाने येणाऱ्याला ३०० बाट आणि जमिनीवरून वा समुद्रातून येणाऱ्याला १५० बाट असे दरही मंजूर केले. वर्षाला तीन कोटी पाहुणे धरले तर ही रक्कम काही अब्ज बाटच्या घरात जाते, म्हणजे बेकारीच्या काळासाठी एक निधी उभा राहू शकेल इतकी. पण प्रस्तावात या पैशाचे जे उपयोग लिहिलेले होते, त्यांत पर्यटनस्थळांची देखभाल होती आणि प्रवासात अपघात झाला तर परदेशी पाहुण्याच्या उपचारांसाठी विमा होता. ४० व्या कलमाखालच्या नावाड्याचा, वाटाड्याचा किंवा फेरीवाल्याचा त्यात उल्लेख नव्हता. अंमलबजावणीची तारीख त्यानंतर पुन्हा पुन्हा पुढे गेली, आणि त्यासाठी दिलेल्या कारणांत पाहुण्यांची संख्या अजून पुरेशी सावरलेली नाही, हेही एक होते.